पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना: फंड हातात येण्याआधी आणि आल्यावर

ही योजना विकायला कोणी दारात येत नाही. डिसेंबर २०११ पासून तिच्यावर एजंटला कमिशन मिळत नाही. त्यामुळे निवृत्तीचे पैसे खात्यात पडल्यावर जे फोन सुरू होतात त्यांत विमा पॉलिसी असते, ‘गॅरंटीड इन्कम’ असतं, कुठली तरी नवी फंड ऑफर असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं नाव मात्र निघत नाही. कोणी विकत नाही म्हणजे समजावून सांगायलाही कोणी नाही. अर्ज, नॉमिनी, व्याज कुठे जमा करायचं, कर कसा वाचवायचा हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो व्याजासाठी नाही, या कागदपत्रांच्या जंजाळासाठी.

योजना २००४ पासून चालू आहे. मुदत पाच वर्षं, कमीत कमी १,००० रुपये आणि पुढे हजाराच्या पटीत, जास्तीत जास्त ३० लाख. एप्रिल २०२३ पर्यंत ही मर्यादा १५ लाखच होती. व्याज ८.२ टक्के, एप्रिल २०२३ ला लागू झालेला हा दर २०२५ अखेरपर्यंत हललेला नव्हता. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण तुम्हाला लागू होतो तो खातं उघडलं त्या दिवशीचा, आणि पाच वर्षं तोच राहतो. पूर्ण ३० लाख ठेवले तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. मुद्दल आणि व्याज दोन्हींना केंद्र सरकारची हमी. ही हमी काय किमतीची आहे ते पुण्यात वेगळं सांगावं लागू नये. रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच गेला. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण आज एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, आणि २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते एकच लाख होतं. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळा फंड एकाच सहकारी बँकेत ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा.

खातं कोणाला उघडता येतं? वय ६० पूर्ण असेल तर कोणालाही, पैसे कुठूनही आलेले असोत. फ्लॅट विकून आलेले चालतात, एफडी मोडून आणलेलेही चालतात. ५५ ते ६० मधल्यांना मात्र अट आहे: नोकरीतून निवृत्त झालेलं असलं पाहिजे आणि जितका निवृत्तीलाभ मिळाला तितकीच रक्कम ठेवता येते. संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना हे ५० पासून लागू. अनिवासी भारतीय आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना खातं नाही.

भोसरी, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांतून ५८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांची, किंवा त्याआधीच व्हीआरएस घेणाऱ्यांची गाडी या ५५ ते ६० च्या अटीत अडते. त्यांना लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांत पैसे गुंतवावे लागतात. नोव्हेंबर २०२३ पूर्वी हा अवधी एकच महिना होता आणि अनेक जुन्या लेखांत अजून तोच लिहिलेला आहे. लाभ म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, विकलेल्या पेन्शनची रक्कम, गटविम्यातला बचतीचा भाग, व्हीआरएसची रक्कम. घोळ होतो तो यामुळे, की हे सगळं एका दिवशी येत नाही. ग्रॅच्युइटी आधी, फंड नंतर, रजेचे पैसे शेवटच्या पगारात. म्हणून कंपनीकडून पत्र घेताना त्यात निवृत्तीची तारीख, कारण, पद, नोकरीचा काळ आणि कोणता लाभ किती रुपयांचा हे सुटं सुटं लिहून घ्या, आणि रक्कम ज्या तारखांना जमा झाली ते बँकेचं स्टेटमेंट जोडा. ‘सदर कर्मचारी निवृत्त झाले आहेत’ एवढंच लिहिलेलं पत्र काउंटरवरून परत येतं. एचआरमधली माणसं बदलण्याआधी, म्हणजे निरोप समारंभाच्या आठवड्यातच, हे पत्र हातात असावं. चेकने भरणार असाल तर व्याज चेक वटल्याच्या दिवसापासून सुरू होतं. तीन महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात चेक टाकण्याचं धाडस करू नये. एक लाखाच्या वर रोख घेत नाहीत.

कागद साधे आहेत: अर्ज, दोन फोटो, पॅन, आधार, वयाचा पुरावा. अडतं ते नावांपाशी. बायकांच्या आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर नुसती आद्याक्षरं, अशी तीन नावं असतात आणि ती तिन्ही एकाच बाईची आहेत हे संगणकाला पटत नाही. दुसरी गोष्ट जन्मतारीख. शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेली पिढी आता निवृत्त होते आहे. घरात वाढदिवस दसऱ्याला असला तरी ६० वर्षं मोजली जातात कागदावरच्या तारखेनं. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर निवृत्तीच्या वर्षभर आधी आधार दुरुस्त करून घ्यावं. फंडाच्या दाव्यालाही तेच आडवं येतं. आणि सही. वीस वर्षांपूर्वीची झोकदार सही आता जमत नसेल, तर नवं खातं सोप्या, रोज करता येईल अशा सहीनं उघडा. पुढची पाच-आठ वर्षं प्रत्येक अर्जावर तीच लागणार आहे.

पुण्यात मोठं काम असेल तर शक्यतो मुख्य पोस्टात जावं: स्टेशनजवळचं जीपीओ किंवा लक्ष्मी रस्त्यावरचं सिटी पोस्ट. सिटी पोस्टला दुचाकी घेऊन जाऊ नये, मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. उपनगरातल्या छोट्या पोस्टातही खातं निघतं, पण ही खाती रोज हाताळणारा माणूस तिथे असेलच असं नाही. आधी एक चक्कर मारून चेक कोणाच्या नावाने काढायचा, कोणते फॉर्म लागतात ते विचारून यावं. पोस्टाची सवय नसेल तर स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, आयसीआयसीआय अशा अधिकृत बँकांतही हेच खातं, हाच दर, हेच नियम. बँकेत व्याज थेट बचत खात्यात पडतं हा खरा फायदा. तोटा एवढाच, की त्याच टेबलावर तुम्हाला विम्याची पॉलिसीही दाखवली जाईल.

पोस्टात उघडणाऱ्यांनी व्याज कुठे जमा करायचं ते त्याच दिवशी लिहून द्यावं. १ एप्रिल २०२२ पासून या खात्याचं व्याज काउंटरवर रोख मिळत नाही. पोस्टाच्या बचत खात्यात हवं असेल तर एसबी-८३ हा फॉर्म, बँकेत हवं असेल तर ईसीएस-१ आणि सोबत रद्द केलेला चेक. खातं जोडलेलं नसेल तर व्याज पोस्टाच्या किरकोळ खात्यात पडून राहतं. न उचललेल्या व्याजावर व्याज चढत नाही, त्यामुळे ‘राहू दे पोस्टातच, वाढतंय’ ही समजूत महागात पडते. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतं. खातं मधल्या तारखेला उघडलं तर पहिल्या खेपेला तेवढ्याच दिवसांचं मिळतं. पहिली रक्कम कमी आली म्हणून घाबरायचं कारण नाही.

तिमाही व्याज ही या योजनेची सगळ्यात जाणवणारी अडचण आहे. पगाराची सवय असलेल्या घरात ६१,५०० एकदम आले की पहिल्या महिन्यात श्रीमंती आणि तिसऱ्यात ओढाताण. दोन उपाय. एक, तिमाहीनंच येणारे खर्च या व्याजाला बांधून टाकायचे: सोसायटीचा मेंटेनन्स बऱ्याच ठिकाणी तिमाहीच असतो, महापालिकेचा मिळकतकर एप्रिल-मेमध्ये भरला तर सवलत असते आणि त्याआधीच १ एप्रिलचं व्याज आलेलं असतं. दुसरा, किराणा-दूध-औषधांसाठी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना जोडीला घ्यायची. तिथे ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, जोडीनं १५ लाख. ९ लाखांवर दरमहा ५,५५० रुपये. दर कमी आहे, पण महिन्याची शिस्त लागते. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवर भिस्त ठेवू नये. तिथला हिशोब पगार (कमाल १५,००० रुपये) गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर असा होतो, म्हणजे ३५ वर्षांची सेवा पूर्ण १५,००० वर धरली तरी महिन्याला साडेसात हजार. सप्टेंबर २०१४ पूर्वीची वर्षं तर ६,५०० च्या मर्यादेनं मोजली जातात. एक बरं, की त्या पेन्शनसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला या बचत योजनेला लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, जो काउंटरवर कोणी देत नाही. ३० लाखांचं एक खातं उघडू नका. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. मोडायचं तर पूर्ण मोडावं लागतं. त्याच्यावर कर्जही मिळत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला चार लाख हवे असले तरी ३० लाखांचं खातं बंद होतं, आणि एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का, म्हणजे ४५,००० रुपये कापले जातात. दोन वर्षांनंतर एक टक्का, म्हणजे ३०,०००. त्याऐवजी साडेसात लाखांची चार खाती असतील तर मोडायचं एकच, कपात ११,२५० किंवा ७,५००, बाकीची तीन जशीच्या तशी. एका माणसाला कितीही खाती उघडता येतात, एकूण रक्कम ३० लाखांच्या आत हवी. एका खात्यात मात्र रक्कम एकदाच भरता येते, नंतर भर घालता येत नाही. साठी ओलांडलेल्यांनी ही चार खाती वेगवेगळ्या महिन्यांत उघडली तर मुदतीही एकदम संपत नाहीत. ५५ ते ६० वाल्यांनी तीन महिन्यांच्या आत बसवावं. वर्षाच्या आत बंद करण्याची वेळच येऊ नये म्हणून चार-पाच लाख साध्या एफडीत बाहेर ठेवूनच उरलेलं इथे आणावं.

नवरा-बायकोचा प्रश्न याहून नाजूक आहे. संयुक्त खातं फक्त पती-पत्नीचंच होतं आणि दुसऱ्याला वयाची अट नाही. पण पूर्ण रक्कम पहिल्या नावाची धरली जाते. दोघंही साठीचे असतील तर प्रत्येकी ३० लाखांची स्वतंत्र खाती निघतात, म्हणजे घरात ६० लाखांपर्यंत. इथवर सगळे सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट अशी: खातेदार गेला तर मृत्यूच्या तारखेपासून त्याच्या खात्यावर पोस्टाच्या बचत खात्याचा दर, म्हणजे ४ टक्के लागू होतो. जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव नॉमिनी असेल, स्वतः योजनेला पात्र असेल, आणि त्याच्या नावावर योजनेचं दुसरं खातं नसेल, तरच ते खातं मूळ दराने मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. म्हणजे दोघांनी आपापली खाती काढली असतील तर मागे राहिलेल्याला गेलेल्याचं खातं बंद करावंच लागतं. तेव्हा ३० लाखांच्या आतच बसणाऱ्या घराने एकाच्याच नावे, जोडीदाराला दुसऱ्या क्रमांकावर घेऊन खाती काढणं बरं. त्याहून जास्त असेल तर दोघांची स्वतंत्र खाती घ्या, पण दुसरं खातं मोडल्यावर पैसे कुठे जाणार हे आजच ठरवून ठेवा. मुलाला नॉमिनी लावायची हौस असेल तर ‘एकमेव नॉमिनी’ हे शब्द पुन्हा वाचावेत. खातं उघडायला दोघांनी मिळून जावं. ज्या बाईनं पोस्टाचं ते काउंटर कधी पाहिलेलं नाही, तिला पहिल्यांदा तिथे मृत्यूचा दाखला घेऊन जावं लागू नये.

कराचा भाग. व्याज पूर्ण करपात्र आहे. जुन्या पद्धतीत ठेवीवर ८०सी खाली दीड लाखापर्यंत आणि व्याजावर ८०टीटीबी खाली ५०,००० वजावट मिळते. नव्या पद्धतीत दोन्ही नाहीत. पण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे बहुतेक निवृत्तांना नवीच पद्धत सोयीची. तरीही टीडीएस कापला जातो, कारण ज्येष्ठांसाठी त्याची मर्यादा वर्षाला एक लाख व्याज आहे आणि ३० लाखांवरचं व्याज २,४६,००० होतं. १० टक्क्यांनी तिमाहीला ६,१५० जातात आणि मग विवरणपत्र भरून परतावा येण्याची वाट बघायची. ते टाळायला ज्याला सगळे १५ एच म्हणतात तो स्वयंघोषणेचा फॉर्म द्यायचा. एकूण कर शून्य येत असेल तरच देता येतो, पण सवलत धरून शून्य आला तरी चालतो. तो दर आर्थिक वर्षी नव्याने आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो: पोस्टात एक, बँकेत दुसरा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम उरकावं आणि पोच घ्यावी. शिक्का मारलेली झेरॉक्स नसेल तर ‘दिला होता’ या शब्दाला किंमत नाही. ८०सीची वजावट घेतलेलं खातं पाच वर्षांच्या आत मोडलं तर ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते, हेही ध्यानात असावं.

दर गोठतो हे वरदान आहे तसं गैरसोयही. एप्रिल २०२० ला ८.६ वरून दर एकदम ७.४ वर आला आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत तिथेच होता. मग ७.६, ८ आणि ८.२. ऑगस्ट २०२१ ला १५ लाख ठेवलेल्याला तिमाही २७,७५० मिळत होते. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये ते मोडलं असतं तर कपात १५,०००, आणि नव्या खात्यात तिमाही ३०,७५०. म्हणजे वर्षाला १२,००० जास्त, उरलेल्या तीन वर्षांत ३६,०००. कपात जाऊन २१,००० हातात. दर वाढले की हा गुणाकार करायचा: उरलेली वर्षं गुणिले दरातला फरक, त्यातून दीड किंवा एक टक्का वजा. उत्तर ठळक नफ्याचं नसेल तर हात लावू नये.

योजनेत नसलेली गोष्ट एकच आणि ती मोठी: मुद्दल वाढत नाही. महागाई सहा टक्के धरली तर आजच्या २०,५०० ची किंमत पाच वर्षांनी सुमारे १५,३०० आणि दहा वर्षांनी साडेअकरा हजारांच्या आसपास उरते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं काढायची असतात. म्हणून ४५ लाखांच्या फंडातले ३० इथे, पाच एफडीत, आणि उरलेले दहा सात-आठ वर्षं न लागणारे म्हणून इंडेक्स किंवा हायब्रिड म्युच्युअल फंडात, अशी वाटणी विचारात घ्यावी. शेअर बाजार नकोच असेल तर रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे रोखे आहेत: राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त, ७.७ च्या हिशोबाने ८.०५, वरची मर्यादा नाही. पण मुदत सात वर्षं, व्याज सहामाही, आणि साठ ते सत्तर वयात सहा वर्षांच्या आत पैसे सुटत नाहीत. ३० लाखांच्या वरची रक्कम असलेल्यांसाठी ते ठीक, पहिली पसंती म्हणून नाही.

मुदत संपल्यावर पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते; पूर्वी एकदाच वाढवता यायची, नोव्हेंबर २०२३ पासून कितीही वेळा. वाढवलेल्या काळाला मुदत संपली त्या दिवशीचा दर लागतो, आणि वाढवून एक वर्ष झालं की कपातीशिवाय बंद करता येतं. अर्ज मुदत संपल्यापासून वर्षभरात द्यावा लागतो. पोस्ट आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. अर्जही दिला नाही आणि पैसेही काढले नाहीत तर ४ टक्के चालू होतात: ३० लाखांवर महिन्याला २०,५०० ऐवजी १०,०००. पासबुकाच्या पहिल्या पानावर मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी, आणि त्या वर्षीचं कालनिर्णय भिंतीवर लागलं की त्यातही.